थंड हवेत काळं अंजीर: लावण्यापासून पिकण्यापर्यंत

थंड प्रदेशातल्या बागेत अंजिराचं झाड जगवणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते फळ पिकवणं. झाड पानांनी भरतं, पानांच्या बगलेत हिरवी अंजिरं लागतात, सुपारीएवढी होतात आणि तिथेच थांबतात. आठवड्यामागून आठवडे जातात, फळ तसंच टणक राहतं. मग एके रात्री पाणी गोठतं आणि सगळी फळं काळवंडून गळतात. बहुतेक नवे बागकर्मी या टप्प्यावर शरदात धावपळ सुरू करतात: खत घाल, तेल लाव, प्लास्टिक गुंडाळ. पण तोवर हाती फारच थोडं उरलेलं असतं. थंड हवेत अंजीर पिकतं की नाही, हे मे-जूनमध्येच ठरून गेलेलं असतं. म्हणून खाली दिलेली बरीचशी कामं वर्षाच्या पहिल्या अर्ध्यातली आहेत. (महिने उत्तर गोलार्धाचे दिले आहेत, दक्षिणेत सहा महिने पुढे मोजा.)

आधी दिवस मोजा

अंजिराचं फळ तीन टप्प्यांत वाढतं. पहिल्या टप्प्यात ते भराभर मोठं होतं. दुसऱ्यात वाढ जवळपास थांबते. हाच तो कंटाळवाणा काळ, आणि तो कित्येक आठवडे चालतो. तिसऱ्या टप्प्यात मात्र अवघ्या काही दिवसांत फळ फुगतं, मऊ पडतं, रंग घेतं आणि त्यात साखर भरते. वजनाचा आणि गोडीचा मोठा भाग या शेवटच्या दिवसांतच येतो. तिसरा टप्पा सुरू होण्याआधी तोडलेलं अंजीर घरात ठेवून मऊ पडेल, पण गोड होणार नाही.

वाटाण्याएवढं फळ दिसल्यापासून ते पिकेपर्यंत लवकर येणाऱ्या जातींना साधारण 75 ते 90 दिवस लागतात, उशिराच्या जातींना 110 ते 120 किंवा त्याहूनही जास्त. शिवाय डोळा (फांदीवरचा कोंब) फुटल्यापासून त्या फुटीवर पाच-सहा पानं येऊन फळ दिसायला साधारण 40 ते 50 दिवस जातात.

आता आपल्या बागेचा हिशेब उलटा मांडा. समजा पाणी गोठणारी पहिली रात्र 15 ऑक्टोबरच्या सुमारास येते. पण त्याआधी तीनेक आठवडे रात्री इतक्या गार झालेल्या असतात की फळाची चाल मंदावते. म्हणून उपयोगी शेवट 25 सप्टेंबर धरा. तिथून 90 दिवस मागे गेलं की 27 जून येतो. त्या सुमारास फळ दिसायला हवं. आणखी 45 दिवस मागे गेलं की मेचा मध्य. म्हणजे लवकरची जात असली तरी डोळे मेच्या मध्याला फुटलेले हवेत. हिवाळ्यात वरचं सगळं लाकूड मरून मुळाशी नव्याने फूट आली, तर ती बहुधा मेअखेरीस किंवा जूनमध्ये येते आणि फळं जुलै-ऑगस्टमध्ये लागतात. अशी फळं का पिकत नाहीत, ते या आकडेमोडीतच दिसतं.

हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय रोप विकत घेऊ नका. कोणती जात, कुंडी की जमीन, हिवाळ्यात झाड झाकायचं की आत न्यायचं, हे सगळं त्यावरून ठरतं.

दोन बहार, दोन प्रकारची थंडी

अंजिराला वर्षात दोनदा फळ येऊ शकतं. पहिला बहार गेल्या वर्षीच्या फांदीवर येतो: शेंड्याजवळ वाटाण्यापेक्षा लहान कळ्या हिवाळाभर निजून राहतात आणि वसंतात वाढू लागतात. मुख्य बहार त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतो.

थंड हवाही दोन तऱ्हेची असते, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. समुद्राच्या प्रभावाखालच्या प्रदेशात हिवाळा सौम्य असतो, पण उन्हाळाही कोमट. तिथे मुख्य बहार पिकायला ऊब पुरत नाही; भरवसा पहिल्या बहारावर ठेवायचा. त्यासाठी फांद्यांचे शेंडे जपायचे, सगळ्या फांद्या कधीच छाटायच्या नाहीत. शरदाच्या शेवटी झाडावर उरलेली वाटाण्याहून मोठी सगळी हिरवी फळं खुडून टाकायची, कारण ती हिवाळ्यात टिकत नाहीत आणि झाडाची ताकद मात्र खातात. वाटाण्याहून लहान कळ्या तेवढ्या ठेवायच्या.

खंडाच्या आतल्या भागात हिवाळा कडक असतो, पण उन्हाळा आखूड असला तरी चांगला तापतो. तिथे शेंड्यावरच्या कळ्या थंडीत मरतात आणि पहिला बहार क्वचितच हाती लागतो. भिस्त मुख्य बहारावर. मग छाटणी जोरात केली तरी चालते, फक्त नवी फूट लवकर आली पाहिजे. एका तऱ्हेच्या हवेसाठी दिलेला सल्ला दुसरीकडे पाळला तर वर्ष वाया जातं, म्हणून कुणाचंही छाटणीचं मार्गदर्शन ऐकताना त्यांचा हिवाळा कसा आहे हे आधी विचारा.

जात निवडताना

सगळ्यात पहिली अट: जात परागीकरणाशिवाय फळ धरणारी हवी. स्मर्ना गटातल्या अंजिरांना फळ धरण्यासाठी एक विशिष्ट बारीक गांधीलमाशी लागते. ती थंड प्रदेशात तग धरत नाही. सॅन पेद्रो गटाचा पहिला बहार परागीकरणाशिवाय येतो, पण मुख्य बहार गळून जातो. बी रुजवून केलेलं रोप तर घेऊच नका. ते कशा गुणाचं निघेल हे कित्येक वर्षं कळत नाही.

गडद सालीच्या जातींमध्ये थंड हवेसाठी या पारखलेल्या आहेत.

'राँद द बोर्दो' लवकर पिकते. फळ मध्यम, निळसर काळं, चव दाट. उन्हाळा आखूड असेल तर सुरुवात हिच्यापासून करा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

'शिकागो हार्डी' जमिनीपर्यंत मेली तरी मुळापासून फुटून त्याच वर्षी फळ धरू शकते. थंडीला काटक, फळ जांभळट तपकिरी. मात्र फळ धरणं आणि ते पिकणं यांत फरक आहे. वरचा हिशेब हिलाही लागू होतोच.

'व्हायोलेट द बोर्दो', जिला 'नेग्रोन' असंही म्हणतात, ठेंगणी राहते आणि कुंडीत सुरेख वाढते. फळ लहान, जवळपास काळं, आतून लाल. चवीला वरच्या दोघींपेक्षा सरस. थोडी उशिरा येते, म्हणून तिला कुंडीतच ठेवून लवकर जागं करावं.

'फ्लोरिया' लवकरची आणि काटक. 'सेलेस्ट' लहान फळाची, तोंड (देठाच्या विरुद्ध टोकाचं बारीक छिद्र) घट्ट मिटलेलं, त्यामुळे पावसात कमी नासते; पण मोठ्या झाडाची जोरात छाटणी तिला मानवत नाही, फळ घटतं. 'ब्राउन टर्की' समुद्री हवेत भरवशाची आहे, चव सौम्य. या नावाखाली आणखी एक, मोठ्या फळाची आणि बऱ्याच उशिरा येणारी जातही विकली जाते, तेव्हा घेताना खात्री करून घ्या.

'ब्लॅक मिशन', 'ब्लॅक मदेरा', 'कोल द दाम न्वार' यांची कीर्ती खरी आहे, पण त्या लांब उन्हाळ्याच्या जाती आहेत. काचघर नसेल तर पहिलं झाड म्हणून यांच्या वाटेला जाऊ नका.

कुंडी की जमीन

नवशिक्याने कुंडीपासून सुरुवात करावी. कुंडी उचलून आत नेता येते, लवकर जागी करता येते, आणि आवळलेल्या मुळांमुळे झाड पानांपेक्षा फळांकडे वळतं.

पहिल्या वर्षी 10 ते 12 लिटरची कुंडी पुरते. पुढे 20 आणि शेवटी 40 ते 50 लिटर. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी देऊ नका: मुळं पोचलेली नसतात तिथलं मिश्रण ओलं राहून कुजतं. कुंडी गडद रंगाची असेल तर वसंतात माती लवकर तापते.

मिश्रण निचऱ्याचं हवं. दोन भाग झाडाच्या सालीचा बारीक भुसा, एक भाग कंपोस्ट, एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज कण) हे प्रमाण चांगलं जमतं. दर 10 लिटर मिश्रणाला एक मोठा चमचा डोलोमाइट चुना घाला. अंजिराला आम्लधर्मी माती आवडत नाही. बागेतली माती कुंडीत भरू नका, ती दबून घट्ट होते आणि हवा कोंडते.

दर दोन वर्षांनी झाड निजलेलं असताना कुंडीतून काढा. मुळांच्या गोळ्याचा कडेचा आणि तळाचा 3 ते 5 सेंटिमीटर थर धारदार करवतीने कापून टाका, नवं मिश्रण भरा, पुन्हा त्याच कुंडीत बसवा. हे टाळलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाणी वरून ओतताच कडेने वाहून जातं, मधला गोळा कोरडा राहतो आणि भर उन्हाळ्यात फळं गळतात.

जमिनीत लावायचं असेल तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा शोधा. दिवसा तापलेली वीट किंवा दगड रात्री ऊब सोडतो आणि भिंत वाराही अडवते. सुमारे 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, चारी बाजूंनी फरशा उभ्या लावा, त्यांच्या कडा जमिनीच्या 2-3 सेंटिमीटर वर ठेवा. तळाला फरशी न घालता 10 ते 15 सेंटिमीटर विटांचे तुकडे भरा, म्हणजे पाणी निघेल पण मुळं सैरावैरा पसरणार नाहीत. कडक हिवाळ्याच्या जागी रोप पूर्वीच्या पातळीपेक्षा 5 ते 10 सेंटिमीटर खोल लावा. वरचं लाकूड मेलं तरी मातीखालचे डोळे वाचतात.

वसंत: आठवडे इथे मिळवायचे

कुंडीतलं झाड शेवटच्या गोठणाऱ्या रात्रीच्या 6 ते 8 आठवडे आधी जागं करा. क्रम असा:

1. कुंडी 15 अंशांहून जास्त ऊब असलेल्या जागी आणा. डोळे फुटेपर्यंत उजेड नसला तरी चालतो.
2. कोमट पाणी एकदा नीट द्या, मग वरचा 3-4 सेंटिमीटर थर कोरडा होईपर्यंत थांबा. पानं नसलेलं झाड पाणी पीत नाही. या दिवसांत जास्त पाण्याने मुळं कुजतात.
3. कुंडीखाली रोपवाटिकेतली उबदार चटई ठेवता आली तर ठेवा. मुळं तापली की हवा थोडी गार असली तरी झाड चालू लागतं.
4. हिरवा डोळा दिसला की भरपूर उजेड द्या. अंधारात फुटलेली फूट लांबट, फिकट आणि लुळी होते, तिच्यावर फळ उशिरा लागतं.
5. बाहेर 5 अंशांच्या वर असेल तेव्हा दिवसा बाहेर, रात्री आत. ही ने-आण कंटाळवाणी असते, पण कुंडीतल्या अंजिराला याने जेवढा फायदा होतो तेवढा कुठल्याही खताने होत नाही. चाकांच्या पाटावर कुंडी ठेवली तर काम निम्मं होतं.
6. घरात फुटलेली पानं थेट उन्हात नेऊ नका, पांढरी पडून करपतात. 7 ते 10 दिवस सावलीतून हळूहळू उन्हात आणा.

निजलेलं लाकूड बरीच थंडी सोसतं, पण हिरवी फूट उणे 1-2 अंशांतच मरते. लवकर जागं केलेलं झाड एका रात्रीच्या विसराळूपणाने महिनाभर मागे जातं.

जमिनीतल्या झाडाला उचलता येत नाही, पण हिवाळ्यात ज्या प्लास्टिकने झाकलं त्याचाच वसंतात बोगदा करता येतो. त्यासाठी झाड बुटकं हवं. खोड जमिनीपासून 20 ते 30 सेंटिमीटरवर थांबवा, दोन फांद्या दोन्ही बाजूंना आडव्या बांधा, त्यांवर दर 20 ते 30 सेंटिमीटरला एक उभी फूट वाढू द्या. दर हिवाळ्यात त्या उभ्या फुटी एक-दोन डोळ्यांवर छाटा. आडवा भाग जमिनीलगत असल्याने झाकायला सोपा, आणि वसंतात वर पारदर्शक प्लास्टिक ताणलं की डोळे काही आठवडे आधी फुटतात. उन्हाच्या दिवशी बोगद्याची टोकं उघडी ठेवायला विसरू नका. नाहीतर आत कोवळी फूट शिजून जाते. ही पद्धत मुख्य बहारासाठी आहे. पहिल्या बहारावर अवलंबून असाल तर इतकी छाटणी करू नका. दरवर्षी एक-तृतीयांश जुनी लाकडं मुळाशी काढा आणि बाकीच्यांचे शेंडे सोडा.

शेंडा खुडणं

नव्या फुटीला पाच-सहा पानं आली की तिचा शेंडा बोटांनी खुडून टाका. वाढीचं टोक गेलं की झाडाची शक्ती पानांच्या बगलेतल्या कळ्यांकडे वळते आणि एक-दोन आठवड्यांत तिथे फळाची गोलसर कळी दिसते. (टोकदार असेल तर ती फांदीची.) हे काम जूनच्या शेवटापर्यंत उरकायचं. त्यानंतर खुडलं तर बाजूच्या कोवळ्या फुटी येतात, त्या थंडीपूर्वी पक्व होत नाहीत.

एकाच झाडावर किती फुटी ठेवायच्या? कुंडीतल्या लहान झाडाला चार ते सहा पुरेत, बाकीच्या बोटभर असतानाच काढा. गर्दीत ऊन आत पोचत नाही. प्रत्येक फुटीवर खालून पहिली चार ते सहा फळं ठेवा. खालचं फळ सगळ्यात जुनं, ते आधी पिकतं. वरची उशिराची फळं आखूड उन्हाळ्यात निव्वळ ओझं.

एक सावधानता. फांदी किंवा पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो त्वचेवर लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात, डाग महिनोन्‌महिने राहतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, चीक लागलाच तर लगेच साबणाने धुवा. मुलांना या कामात घेऊ नका.

पाणी आणि खत

डोळे फुटताना हळू विरघळणारं समतोल खत एकदा द्या. शेंडा खुडल्यानंतर नत्र कमी करून पालाश वाढवा; टोमॅटोसाठीचं द्रव खत आठवड्यातून एकदा, बाटलीवरच्या प्रमाणात पुरतं. पहिली फळं रंगू लागली की बंद. नत्र जास्त झालं तर झाड अतिशय देखणं दिसतं: मोठी काळसर हिरवी पानं, हातभर लांब पेरं, आणि फळ एकही नाही. जमिनीतल्या झाडाला बहुधा थोडं कंपोस्ट सोडून काहीच लागत नाही.

भर उन्हाळ्यात पूर्ण पानांचं 20 लिटर कुंडीतलं झाड उन्हाच्या दिवशी 2 ते 3 लिटर पाणी सहज पितं. दुसऱ्या टप्प्यातल्या फळांना एकदाही ताण पडू देऊ नका. पानं माना टाकण्याइतकं झाड सुकलं, की फळगळ आठवड्याभराने दिसते आणि तोवर कारण विसरलेलं असतं. फळ फुगू लागलं की मात्र पाणी थोडं कमी, पण नियमित ठेवा. कोरडं पडलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं की साल फाटते.

पिकण्याचे दिवस

काळ्या अंजिराचा रंग फसवा असतो. सालीतला जांभळा रंग उजेडात तयार होतो, आणि गार हवेत तो अधिक गडद होतो. त्यामुळे थंड बागेत अंजीर काळं दिसतं तेव्हा ते पिकलेलंच असेल असं नाही. आत अजून साखर भरायची असते. उलट पानाआड दडलेलं फळ पिकूनही फिकट राहू शकतं.

पिकल्याच्या खऱ्या खुणा अशा. ताठ उभं असलेलं फळ मानेतून वाकून खाली लोंबतं. बोटाने हलकं दाबलं तर पूर्ण मऊ लागतं, मानेजवळही. सालीवर बारीक उभ्या पांढुरक्या भेगा दिसतात. देठाच्या विरुद्ध टोकाच्या तोंडात कधी मधासारखा थेंब जमतो. देठ किंचित वर उचलला की फळ सुटतं आणि तुटल्या जागी चीक येत नाही. चीक आला तर घाई झाली. मान वाकल्यावर आणखी एक-दोन दिवस धीर धरला तर चवीत फार मोठा फरक पडतो.

फळ फुगू लागल्यावर त्याच्यावर थेट सावली धरणारं एखादं पान काढा. एका फुटीवरून एक, फार तर दोन. जास्त काढू नका, कारण साखर ही पानंच बनवतात.

आता तेलाची युक्ती. ही फार जुनी आहे आणि खरोखर चालते, पण वेळ साधली तरच. दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस तोंडावर तेलाचा थेंब लावला की फळात इथिलीन हा फळ पिकवणारा वायू तयार होण्याला चालना मिळते आणि तिसरा टप्पा लवकर सुरू होतो. फळ एरवी आणखी दोन-तीन आठवडे थांबलं असतं, ते साधारण 5 ते 8 दिवसांत पिकतं.

वेळ ओळखायची ती अशी: फळ पूर्ण आकाराचं होऊन काही आठवडे थांबलेलं आहे, तोंडाभोवती हिरव्याऐवजी गुलाबी-तांबूस छटा आली आहे. शंका असेल तर त्याच वयाचं एक फळ कापून पाहा. आतले तंतू गुलाबी होऊ लागले असतील तर वेळ आली. सगळं पांढरंफटक असेल तर थांबा. कापसाच्या काडीने ऑलिव्ह किंवा कुठल्याही खाद्यतेलाचा एक थेंब फक्त तोंडावर टेकवा. फळाला तेल चोपडू नका, पानांवर सांडू नका. प्रत्येक फुटीवरच्या सर्वांत खालच्या एक-दोन फळांनाच लावा. फार लवकर लावलं तर फळ फुगतं खरं, पण आतून कोरडं आणि बेचव निघतं, किंवा गळून पडतं. पहिल्या वर्षी एका फळाला लावून शेजारचं तसंच सोडा आणि दोन्हींतला फरक स्वतः पाहा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा कठोर व्हा. जी फळं अजून अंगठ्याच्या नखाएवढीच आहेत, ती सगळी खुडा. मग उरलेल्यांना साखर पुरते. कुंडी असेल तर रात्री 10 अंशांखाली जाऊ लागल्या की काचघरात किंवा काचेच्या ओसरीत न्या. त्याहून गार हवेत पिकलेलं फळ मऊ होतं, रंगतं, पण पाणचट लागतं.

शेवटच्या आठवड्यात पाऊस आला तर तोंडातून पाणी शिरून फळ आंबतं. कुंडी छपराखाली सरकवा. जमिनीतल्या झाडावर उतरतं प्लास्टिक टाका, बाजू मोकळ्या ठेवा. दोन दिवस संततधार दिसत असेल तर मान वाकलेली फळं थोडी आधी तोडणं बरं. पक्षी, मुंग्या आणि गांधीलमाश्यांपासून वाचवायला प्रत्येक फळाला विरळ जाळीची पांढरी पिशवी बांधा. कागदाची किंवा गडद कापडाची नको, तिच्यात रंग येत नाही.

काय बिघडतं आणि का

फळं बोराएवढी होऊन सगळीच गळतात: पाण्याचा ताण, अचानक गारठा, किंवा जातच परागीकरण मागणारी. पहिल्या वर्षीच्या रोपाची फळगळ मात्र मनावर घेऊ नका, मुळं अजून तयार नसतात.

तोंडातून फेस, आंबूस वास: कीटकांनी आत यीस्ट नेलं आहे. असं फळ ताबडतोब काढून बागेबाहेर टाका, नाहीतर शेजारची फळंही जातात.

पानांखाली नारिंगी-तपकिरी भुकटी आणि अकाली पानगळ: तांबेरा. पडलेली पानं गोळा करून नष्ट करा, पानांवर पाणी मारू नका, फांद्या विरळ करा.

पानांवर वेडेवाकडे पिवळे डाग, पानं वाकडी: मोझॅक विषाणू. इलाज नाही. बरीच झाडं तो सोसून फळ देतात, पण त्यांची छाट कलमं करू नका. निरोगी झाडाची 15 ते 20 सेंटिमीटर लांब, पेन्सिलएवढी जाड, निजलेली काडी किंचित ओलसर परलाइटमध्ये 22 ते 25 अंशांत ठेवली की 3 ते 6 आठवड्यांत मुळं धरते. जास्त ओल झाली की काडी कुजते. कलमं मरण्याचं नेहमीचं कारण हेच.

हिवाळ्यासाठी

पानं पूर्ण गळेपर्यंत कुंडी बाहेर राहू द्या. उणे 1-2 अंशांच्या हलक्या रात्रींनी लाकूड पक्व होतं. त्यानंतर ती उणे 3 ते अधिक 7 अंशांमध्ये राहील अशा अंधाऱ्या खोलीत, तळघरात किंवा गाडीच्या शेडमध्ये ठेवा. जमिनीतल्या मुळांपेक्षा कुंडीतली मुळं थंडीला फार नाजूक असतात, म्हणून कडाक्यात कुंडी उघड्यावर सोडू नका. दर 3-4 आठवड्यांनी पाव ते अर्धा लिटर पाणी द्या, माती जेमतेम ओलसर राहील इतकंच. खोली याहून उबदार असेल तर झाड जानेवारीतच फुटतं आणि अंधारात फिकट फुटी टाकत दमून जातं.

जमिनीतल्या बहुतेक जातींचं लाकूड उणे 7 ते 9 अंशांपर्यंत टिकतं, काटक जातींचं आणखी थोडं खाली. कोवळं झाड मात्र याहून आधीच मरतं. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत तरी झाका. बुडाशी 20 ते 30 सेंटिमीटर सुक्या पानांचं किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला, फांद्या गोणपाटाने गुंडाळा, पाऊस आत जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिक टाका, पण खालून हवा खेळती ठेवा. कोंडलेली ओल थंडीपेक्षा जास्त लाकूड मारते. उंदीर पेंढ्यात घर करतात आणि खोडाची साल गोलाकार कुरतडतात, म्हणून झाकण्याआधी बुडाभोवती बारीक छिद्रांची तारेची जाळी लावून तिची खालची कडा मातीत 5 सेंटिमीटर गाडा. डोळे फुगू लागले की गोणपाट काढा, आणि गोठणाऱ्या रात्रीसाठी ते हाताशी ठेवा.